साइन आउट होईपर्यंतचा मी

मित्रांनो, मी एक जुना, अनुभवी संगणक आहे, अशी सुरुवात करायला मला आवडलं असतं. पण मी आज सकाळीच जन्मलो आणि संध्याकाळी नसेन. मी एक तात्पुरता प्रोफाइल आहे.

पाणीपुरवठा कार्यालयातल्या संगणकात प्रत्येक कर्मचाऱ्याची एक खोली असते. नाव आणि पासवर्ड टाकला की दार उघडतं. आत ज्याच्या त्याच्या फाइली, ज्याचं त्याचं चित्र. ती खोली सापडली नाही, तर संगणक माणसाला दारात ताटकळत ठेवत नाही. माझ्यासारखी एक कोरी खोली उभी करतो आणि माणूस बाहेर पडला की सामानासकट पाडतो.

आमच्या नकाशेवाल्या ताईंची खोली हरवली, याला कारण निव्वळ माया. कित्येक वर्षं तात्पुरत्या असलेल्या ताई परवा कायम झाल्या. पण संगणकातल्या त्यांच्या खोलीवर, म्हणजे फोल्डरवर, अजून 'शिकाऊ' अशीच पाटी होती. ती शेजारच्या टेबलावरच्या काकांच्या डोळ्यांत खुपली. ॲडमिनचा पासवर्ड त्यांना ठाऊक होता. काल ताई रजेवर असताना त्यांनी पाटी बदलून ताईंचं नाव लिहिलं. संगणक मात्र जुन्या पाटीवरूनच खोली ओळखतो. कायम झालेल्या बाईंना त्यानं माझ्यात आणून बसवलं.

जन्मतःच मी कोपऱ्यात सूचना लावली होती: इथं ठेवलेलं बाहेर पडताच पुसलं जाईल. ताईंनी माशी हाकलावी तशी ती बंद केली. लेकीचा फोटो नाही, फाइली नाहीत, हे त्यांना दिसलं. पण उद्या सकाळी रस्त्याची खोदाई होती. नकाशा हातात नसला तर माणसं अंदाजानं कुदळ मारणार आणि खालून गॅसची नळी जाते. ताई कामाला लागल्या. एकेक नळी, एकेक वीजतार वळणासकट काढली. "आज मशीन पळतंय बरं का," असंही म्हणाल्या. पळणारच. माझ्यात दुसरं होतं काय?

दुपार कलताना नकाशा पुरा झाला, तेव्हा ताईंनी जुन्या फाइलींची चौकशी करायला संगणक विभागाला फोन लावला. तिथल्या तंत्रज्ञाला सगळं कार्यालय 'रीस्टार्ट' म्हणतं, कारण प्रत्येक दुखण्यावर त्याचं औषध तेच. त्यानं आजही तेच सांगितलं. काकांनी मदतीच्या उत्साहात बटणाकडे हात नेला.

तेवढ्यात फोनवरून सहज विचारणा झाली, "ताई, पडद्यावर लेकीचा फोटो आहे ना?"

"नाही ना. सकाळपासून नुसता निळा आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "कुणी कशाला हात लावू नका. मी येतोय."

काकांचा हात हवेतच राहिला.

तो धापा टाकत आला. आधी नकाशा सर्व्हरवर ठेवला, काकांच्या संगणकावर उघडून पाहिला. मग खोलीची पाटी कुणी बदलली, असं विचारलं. काका खिडकीबाहेर बघू लागले. "कायम झाली ना ती," ते म्हणाले. "शिकाऊ बरं दिसतं का?"

आता जुनी पाटी परत लागेल, संगणकाच्या नोंदी सरळ होतील आणि ताईंना त्यांची खोली मिळेल. त्यासाठी आधी माझ्यातून बाहेर पडायला हवं.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. कोपऱ्यातली सूचना वाचत जा. कामाचं ते सर्व्हरवर ठेवत जा. कुणाचं कौतुक करायचं तर चहा पाजा, फोल्डरची नावं बदलू नका.

ताईंचं बोट साइन आउटवर आहे, पण दाबलेलं नाही. "दिवसभर काम केलं हो यानं," त्या म्हणताहेत. इतकी वर्षं तात्पुरतं राहिलेल्या माणसालाच हे सुचतं.

दाबा, ताई. उद्या खोदाई आहे.