तळातलं बी

ओल्या फडक्यावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडले होते. चौथ्या दिवशी सकाळी भावनाने मोजले, तेव्हा एकेचाळीस दाण्यांना मोड आले होते. सर्वांत लांब मोड अकरा मिलिमीटरचा भरला. उरलेले दाणे फुगून तसेच पडले होते. तिने पुन्हा मोजले. एकेचाळीसच.

ही तिच्या आईची, उषाबाईंची लाल्या ज्वारी. केदारखेड्यात बाकी सगळ्यांनी सोडून दिली, तरी उषाबाईंनी ती तीस वर्षं धरून ठेवली होती. हात मोडल्यामुळे मागची दोन वर्षं मात्र पेरणी झाली नव्हती. जे काही बी उरलं होतं ते एका मडक्यात, राखेत. ते मेलं असेल तर लाल्या संपली.

भावना अंबडच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. चार वर्षांपूर्वी तिने देशोदेशीच्या बियाणं राखणाऱ्यांच्या एका मंडळात आईचं नाव नोंदवलं होतं. तिथल्या नोंदवहीत दोन रकाने होते: आज राखणारं कोण, आणि पुढे कोण. दुसरा रकाना दर वर्षी कोरा जायचा. घरची रीत अशी, की बी जमिनीसोबत राहतं, सासूकडून सुनेकडे जातं. लेकीला साडीचोळी मिळते, बी नाही. सून शिवकन्या अंगणवाडीत नोकरीला, आणि रानात सगळं सोयाबीन. भावनाच्या सासरी अंबडजवळ दोन एकर होते. पण तिने बी कधी मागितलं नाही, आणि उषाबाईही "बघू" यापलीकडे कधी गेल्या नाहीत.

"एकेचाळीस," भावना म्हणाली.

"शंभरात?" शिवकन्याने वाकून पाहिलं. "आमच्या अंगणवाडीत एवढी हजेरी लागली ना ताई, तर मला नोटीस येईल."

उषाबाई हसल्या नाहीत. भावनाच्या मांडीवरच्या कागदाकडे बोट करून म्हणाल्या, "हे काय वाचून राह्यलीस?"

नोंदवहीचं पान होतं. पहिल्या रकान्याचं नाव चार भाषांत छापलेलं. भावना वाचून दाखवू लागली आणि वाचता वाचता तिचा आवाज चढला, वर्गात दोन सांगाडे शेजारी ठेवून दाखवताना चढायचा तसा.

"हे बघ. इटलीत कुस्तोदे. स्पेनमध्ये कुस्तोदिओ. पोर्तुगालमध्ये कुश्तोदिउ. रुमानियात पुन्हा कुस्तोदे. सगळ्यांचा अर्थ राखणारा. वटवाघळाचा पंख आणि आपला हात बघायला वेगळे, पण आत हाडं तीच. तसं आहे हे, आई. मूळ एकच, लॅटिन."

"ती कोण?"

"या चारही भाषांची आई."

"हाय का आता?"

"घरात बोलणारं कोणी उरलं नाही."

"मंग लेकींनी बराबर सांभाळलं म्हन की."

अर्धवट खरं भावनाला चालत नसे. "तसंच नाही. हा शब्द रोजच्या बोलण्यातून जवळजवळ सुटला होता. जुन्या पोथ्यांत तेवढा शिल्लक होता. शेकडो वर्षांनी लेकींनी पोथ्या उघडल्या आणि तिथून परत घेतला."

उषाबाई फडक्यावरच्या त्या न उगवलेल्या दाण्यांकडे बघत राहिल्या.

"म्हंजे तळातनं काढला."

"हो. तसंच."

"मी तुला वरचं बी देल्तं."

"वरचं?"

"मडक्यातलं वरचं. त्याला हवा लागती, किडा लागतो. दाखवायला, मागनाऱ्याला वरचंच द्यायचं. तळातलं परक्या हातात जाऊ द्यायचं न्हाई, आमच्या सासूबाईंनी सांगितल्तं."

नमुना सगळ्या थरांतून घ्यावा, हे भावना दरवर्षी वर्गात शिकवायची. आईने मूठ पुढे केली तेव्हा ते तिला सुचलंच नव्हतं.

"मी परकी का?" तिने हळूच विचारलं.

शिवकन्या कामाचं निमित्त काढून आत जायला निघाली, पण गेली नाही. दारातच उभी राहिली. उषाबाई उठल्या, कोपऱ्यातलं मडकं ओढलं आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. कडुनिंबाचा सुका पाला निघाला, मग राख, मग लालसर दाणे.

"घे. मोज."

भावना शंभर मोजून घेऊन अंबडला गेली. तीन दिवस तिने फडकं दर सहा तासांनी ओलं केलं. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, ते डब्यात घालून सकाळच्या एसटीने परत आली, कारण पहिल्यांदा आईसमोरच मोजायचं असं तिने ठरवलं होतं.

झाकण काढल्यावर मोजायची गरज नव्हती. तरी ती मोजत गेली. ऐंशीनंतर शिवकन्याही बरोबरीने मोजायला लागली.

"त्र्याण्णव," दोघी एकदमच म्हणाल्या.

"आता न्हाई येत नोटीस," शिवकन्या म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. "आत्या, मला हे जमनार न्हाई, तुम्हाला म्हाईत हाय. माझ्यामुळं थांबू नका."

चार वाजता मोबाइलवर मंडळाची बैठक सुरू झाली. इटलीतल्या सिसिली बेटावरची टेरेझा एकेक नोंद वाचत होती. केदारखेड्याची पाळी आली. उगवण त्र्याण्णव टक्के, हे ऐकून पडद्यावरच्या बायका-पुरुषांनी हात वर करून हलवले. मग टेरेझाने दर वर्षीचा तोच प्रश्न विचारला.

"काय म्हनती ती?" उषाबाईंनी विचारलं.

भावनाला भाषांतर करायला क्षणभर जड गेलं. "विचारतेय, पुढे कोण."

उषाबाईंनी मोबाइल तिच्या हातातून घेतला, तोंडाजवळ धरला आणि चार देशांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "भावना. माझी लेक. लिव्हून घ्या."