मुठीतलं लाल रबर

आमच्या फाटकासमोर एवढी गर्दी मी पुन्हा कधी पाहिली नाही. मधोमध अण्णांची हिरवी गाडी बॉनेट उघडून उभी होती.

"कालपासून बॅटरी मेलीय," माझ्या दादाने लोकांना सांगितलं. किल्ली फिरवून दाखवली. साधा दिवासुद्धा लागला नाही.

"मेलीय?" बिजलीमहाराज गरजला. "अरे, आमच्या बोटांत आकाशातली वीज नांदते! बॅटरी काय नि माणसाचं काळीज काय, आम्हाला सारखंच. हिला उठवतो, मग त्याला. गोळ्या गटारात टाका!"

काळीज आमच्या वडिलांचं, अण्णांचं होतं. एकही गोळी चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण महाराजाचं ऐका म्हणून दादा महिनाभर त्यांच्या कानाशी लागला होता, आणि अण्णांचा दादावर फार जीव. गोळ्यांची डबी हातात घेऊन ते पायरीवर बसले होते.

महाराजाने बॅटरीच्या खुंटीवरची तारेची पकड कुरवाळली. "ऊठ!" दादाने किल्ली फिरवली आणि गाडी गुरगुरली. लोक पायांवर कोसळले. आशीर्वाद देतानाही महाराजाची उजवी मूठ मिटलेलीच. अण्णांनी डबी पुढे केली.

"थांबा," वहिनी म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. "महाराज, मूठ उघडा बघू."

"आत वीज आहे, बाई. भाजशील!"

"स्वयंपाक करते मी. भाजायची सवय आहे."

तिने त्याची बोटं उलगडली. आत लाल रबराचा तुकडा होता. इंजिन बंद करून तिने तो बॅटरीची खुंटी आणि पकड यांच्यामध्ये सरकवला. किल्ली फिरवली, गाडी मेलेलीच. काढला, गाडी सुरू.

"रबरातून वीज जात नाही. बॅटरी धडधाकट आहे, फक्त तिची वाट अडवली होती."

हशा उसळला, महाराज पसार झाला. अण्णा मात्र हसले नाहीत. ते रबर त्यांच्या शेकायच्या पिशवीचं होतं. फाटली म्हणून दादानेच परवा ती फेकायला नेली होती.

"तू?"

"महाराजांच्या सगळ्या गाड्यांच्या दुरुस्तीचं काम मला मिळणार होतं, अण्णा. चार दिवस गोळ्या नसत्या घेतल्या तर काय..."

अण्णांनी पाण्याविनाच गोळी गिळली. "सूनबाई, यापुढे डॉक्टरांकडे मला तू नेत जा."

त्या गाडीच्या तापलेल्या सीटचा वास मला अजून आठवतो. लहानपणी दादाच्या मांडीवर डोकं ठेवून मी तिथेच झोपायचे.

चमत्कार करणाऱ्याला मूठ उघडायला सांगा. त्याला घरात आणणारा आपल्या रक्ताचा असेल, तर दोनदा सांगा.