माझ्या शेवटच्या पानावरचे नऊ छेद पंचवीस

मी एक जुने गणिताचे पुस्तक आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांना माझे तोंडही बघवत नाही, हे मला ठाऊक आहे. त्याचा मला राग नाही. आज मला तुमच्याकडे एक कबुली द्यायची आहे.

छापखान्यात माझे बीजगणित आधी छापले, मग भूमिती, मग संभाव्यता आणि अगदी शेवटी, घाईघाईत, उत्तरांचे पान. संभाव्यतेत एक साधे उदाहरण होते. पिशवीत तीन लाल आणि दोन निळी बटणे आहेत. न बघता एक काढले, ते बाहेरच ठेवले आणि दुसरे काढले. दोन्ही लाल निघण्याची संभाव्यता किती? उत्तर तीन छेद दहा. पण उत्तरे लिहिणाऱ्या गृहस्थांनी पहिले बटण मनातल्या मनात परत पिशवीत टाकले आणि नऊ छेद पंचवीस लिहून दिले. तपासणाऱ्याने वेलांट्या तपासल्या, आकडे तसेच राहिले.

मग मी शाळेत आले. दरवर्षी नवे दप्तर, नवे हात. भिंतीला टेकवलेल्या शिड्या आणि मुलाच्या तिप्पट वयाचे बाप यांच्याशी मुलांनी पुष्कळ झटापट केली. कोणी मला छान कव्हर घातले, कोणी माझ्या त्रिकोणांना मिशा काढल्या. पण एक सवय सगळ्यांची सारखीच होती. आधी माझे शेवटचे पान उघडायचे आणि मग उत्तराला गणित जुळवायचे. नऊ छेद पंचवीस येत नसले, तर ते आणायचे! बाई फळ्यावर दुसरीच उदाहरणे सोडवून दाखवत, त्यामुळे माझी चूक झाकलेलीच राहिली.

शेवटी मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मुलीकडे आले. ती आधीच एकदा नापास झालेली होती. आईने स्पष्ट सांगितले होते, "या वेळी गेलीस तर शाळा बंद. माझ्याबरोबर मशीनवर बसायचं."

एका दुपारी तिने आईच्या डब्यातून खरीखुरी पाच बटणे घेतली. पहिले कोणते, दुसरे कोणते, अशा सगळ्या जोड्या लिहून काढल्या. वीस झाल्या. दोन्ही लाल असलेल्या सहा. तीन छेद दहा! मला तेव्हा किती आनंद झाला, काय सांगू! इतक्या वर्षांत कोणी ते उदाहरण असे हाताने सोडवले नव्हते. मग तिने माझे शेवटचे पान उघडले आणि तिचा चेहरा उतरला.

"किती वेळ बटणं मांडून बसलीस गं?" आई म्हणाली.

"उत्तर चुकतंय."

"परत मोज."

"तीनदा मोजलं, आई."

"मग पुस्तक चुकलं असेल."

"काहीतरीच काय! पुस्तक कसं चुकेल?"

तिने सगळ्या जोड्या खोडरबराने पुसल्या. वहीचा कागद फाटेपर्यंत पुसल्या. मला तोंड असून बोलता येईना.

वार्षिक परीक्षेत तेच उदाहरण आले, तीन गुणांचे. ती दोन गुणांनी नापास झाली.

निकालानंतर गणिताच्या बाई उत्तरपत्रिका आणि फेरपरीक्षेचा अर्ज घेऊन घरी आल्या. मुलगी मशीनवर बसलेली होती.

"हे तू आधी बरोबर लिहिलं होतंस," बाई म्हणाल्या. "मग खोडलंस का? खोडलेल्याला गुण देता येत नाहीत मला."

मुलगी उठली. तिने मला आणले आणि शेवटचे पान त्यांच्यापुढे धरले. बाईंनी ते वाचले, पुन्हा वाचले.

"वीस वर्षं मी हे पुस्तक शिकवतेय," त्या हळूच म्हणाल्या. "हे पान कधी पडताळलंच नाही."

आपले मशीन थांबवून आईने विचारले, "मग नापास कोण झालं, बाई? माझी मुलगी की हे पुस्तक?"

"मी झाले, ताई."

मग आईने हात पुसले आणि फेरपरीक्षेच्या अर्जावर सही केली. मुलीने पेन घेतले, नऊ छेद पंचवीसवर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी तीन छेद दहा लिहिले. माझ्यावर खूप जणांनी रेघा मारल्या, पण त्या रेघेने माझे ओझे उतरवले. फेरपरीक्षेत ती पास झाली. गुण बेताचेच होते, पण ते तिचे होते.

मित्रांनो, मला कव्हर घातले नाही तरी चालेल. कोपरे दुमडले तरी मी सहन करीन. पण छापलेले सगळे काळ्या दगडावरची रेघ समजू नका, आणि माझे शेवटचे पान उघडण्याआधी तुमचे उत्तर पेनाने लिहा. कारण त्याच दिवशी, त्याच यंत्रावर माझी हजारो भावंडे छापली गेली. ती अजून कुणाकुणाच्या दप्तरात आहेत आणि त्यांच्या पानावर ही दुरुस्ती कोणी केलेली नाही. त्यांतले एखादे कदाचित तुमच्याकडेच असेल.