सलामावर चालणारी घोडी

मी घोडी बोलतेय. हसलात ना? हसा. कुणा बाईला उणं बोलायचं झालं की तुम्ही आमचं नाव काढता, आणि पोराचं लग्न निघालं की आमच्याच दारात येता. ते असो. मी साधीसुधी घोडी नाही. निजाम सरकारच्या चाकरीत राहिलेली, तिथून काढून टाकलेली, आणि तरी मान ताठ असलेली घोडी आहे.

माझा जन्म तलमडुगुकडचा. ज्वारीच्या कडब्यावर वाढले. अंग भरलं तसं मालकानं मला आदिलाबादच्या बाजारात आणून कचेरीला विकलं. तिथल्या मुन्शीनं माझ्या कपाळावरचा पांढरा ठिपका पाहून नाव ठेवलं सितारा. माझी देखभाल करायला बाबाराव नावाचा मोतद्दार होता. त्याच्या जिभेला सितारा काही वळेना, म्हणून तो मला शिताबाई म्हणायचा. कागदावर सितारा, तबेल्यात शिताबाई. दाण्याची चंदी दोन्ही नावांनी सारखीच मिळायची, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

माझ्यावर बसायचे गिर्दावर केशवराव. गावोगाव फिरून जमिनी आणि पिकं तपासणं हे त्यांचं काम. माणूस वाईट नव्हता, पण मानाला फार जपायचा. गाव आलं की चावडीसमोर ते लगाम खेचायचे. मी थांबायची, पुढचा पाय आपटायची. चावडीवरची मंडळी धडपडत उठायची, पागोटी सावरायची आणि कमरेत वाकून सलाम करायची. मग केशवराव म्हणायचे, "चलो."

थांबायचं, सलाम झाला की निघायचं. हे माझ्या पायांत इतकं भिनलं की पुढं पुढं त्यांना लगामही खेचावा लागेना आणि 'चलो'ही म्हणावं लागेना. पाटील असो की पटवारी, वाकलेली डोकी मी रोज पाहिली. खोटं कशाला बोलू, तो सलाम मलाच आहे असं मला वाटायचं.

मग कचेरीत मोटार आली. बाजारातली माणसं नवलानं 'अब्बा! अब्बा!' करत तिच्याभोवती जमली. मीही कान टवकारून पाहिलं. खाते काय तर तेल, बोलते काय तर भोंग्यानं, आणि वास असा की माझा कडबा गोड लागेना. तिच्या पाठोपाठ वरून हुकूम आला, तखफीफ करा. म्हणजे चाकरीतली माणसं-जनावरं कमी करा. बाबारावानं तो शब्द 'तकलीफ' असा ऐकला आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, "मालन, सरकारले कायतरी तकलीफ होऊन राह्यली व."

"सरकारले कायची तकलीफ?" मालनबाई म्हणाली. "तकलीफ आपल्याले होईन, पाहून घ्या."

तसंच झालं. डोंगरातल्या गावांना मोटार जात नव्हती, म्हणून दौऱ्यासाठी फक्त एक घोडा ठेवायचा असं नव्या मांडणीत ठरलं. केशवरावांची तोवर बदली झालेली. तरी मला धास्ती नव्हती. त्या डोंगरातली प्रत्येक वाट माझ्या खुरांखालून गेलेली. ही जागा माझी नाही तर कुणाची?

नव्या साहेबांनी आम्हा सगळ्यांना आवारात उभं केलं. बाबारावानं मला इतकं घासलं होतं की माझीच मला ओळख पटेना. मी छाती काढून उभी राहिले. माझ्या शेजारी हैदराबादेहून आणलेला रुस्तम नावाचा काळा घोडा. उंच, झुबकेदार शेपटीचा, आणि डोंगर त्यानं लांबूनच पाहिलेला. साहेबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, मानेवर थाप दिली आणि म्हणाले, "यही." माझ्याकडे नुसती मान वळवली आणि म्हणाले, "ये तो पुरानी है." संपलं! इतक्या वर्षांच्या चाकरीचा निकाल तीन-चार शब्दांत लागला. मला रडता येत नाही, पण त्या दिवशी मी पाणी प्यायले नाही.

लिलावात मला कुणी विचारलं नाही. बाबारावाचीही चाकरी गेली आणि उरलेल्या पगाराच्या बदल्यात मीच त्याच्या पदरात पडले. दोघेही एकाच दोरीनं घरी आलो.

पुढचे दिवस सांगायलाही लाज वाटते. सकाळ झाली की मी दावं ताणून कचेरीच्या दिशेला तोंड करून उभी राहायची. बाबाराव उठायचा, अंघोळ करायचा, कमरेला सरकारी पट्टा आवळायचा आणि ओट्यावर बसून राहायचा. कुणी विचारलं तर सांगायचा, "साहेबाचं बोलावनं येनार हाय." आम्ही दोघंही रस्त्याकडे डोळे लावून. मालनबाईनं हे चार दिवस चालू दिलं. पाचव्या दिवशी तिनं पट्टा ओढून घेतला आणि त्या पट्ट्यानंच सरपणाची मोळी बांधली.

"काऊन वाट पाहून राह्यले तुमी? त्यायले तुमची याद तरी हाय काय? लगनसराई तोंडावर हाय. नवरदेवाले घोडी लागते. घोडी दारात हाय. आनखी काय पाह्यजे बाप्पा?"

तिनं जुन्या जरीच्या लुगड्याची झूल शिवली, माझ्या गळ्यात घुंगरं बांधली. मला आधी फार कमीपणा वाटला. गिर्दावराची घोडी, आणि आता वाजंत्र्यांच्या मागून चालायचं! पण पहिल्या लग्नाला पाठीवर नवरदेव बसला, तो भीतीनं थरथरत होता आणि माझी आयाळ घट्ट धरून "पाडजो नको वं माय" म्हणत होता, तेव्हा माझं मन थोडं पाघळलं. मी अगदी अलगद चालले. चावडीपर्यंत.

चावडी आली आणि माझे पाय थांबले. पाय आपटला. सलामाची वाट पाहू लागले. सलाम करणार कोण? अख्खा गाव तर वरातीत नाचत होता! त्यांनी मला ओढलं, ढकललं, गूळ दाखवला. मी हलेना. तिकडे भटजी मुहूर्त टळला म्हणून ओरडू लागले. शेवटी बाबारावाला उमगलं. तो धावत रिकाम्या चावडीवर चढला आणि मला कमरेत वाकून सलाम केला. मी निघाले. वऱ्हाडी पोट धरून हसले, पण नवरीचा बाप हसला नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या भागात बोंब झाली, बाबारावाची घोडी अडेल आहे. सुपाऱ्या परत गेल्या. आता मात्र बाबारावाचा धीर सुटला. दुसऱ्यांदा काम गेलं होतं, आणि या वेळी दोष माझा होता.

अशात एक दिवस चंपत स्वतःच्या लग्नासाठी घोडी ठरवायला आला. जैनथच्या पलीकडचं, पैनगंगेच्या अंगाचं एक गाव. नाव घेत नाही, तिथं अजून माझं जाणं-येणं आहे. चंपत त्या गावातला, पण गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. तो अंगणात लांबच उभा राहिला.

"आमच्या लोकायले कोनी घोडी देत नाई," तो म्हणाला.

"मायी घोडी कोनी घेत नाई," बाबाराव म्हणाला. दोघं एकमेकांकडे पाहून हसले, आणि सुपारी ठरली.

पण त्या गावच्या यशवंतराव पाटलाला हे कळलं. त्याचा निरोप आला. वस्तीकडे जायचा रस्ता चावडीवरूनच. तिथं नवरदेवानं घोडीवरून उतरायचं, पायताण हातात घ्यायचं आणि पायी जायचं. नाहीतर बाबारावाची घोडी या भागात पुन्हा एकाही लग्नाला दिसणार नाही. चंपत म्हणाला, "मी उतरनार नाई. मायी माय जनमभर तिथून पायताण हातात घेऊन गेली, तेवढं पुरे झालं." बाबाराव डोकं धरून बसला. त्याची भीती वेगळीच होती. नवरदेव उतरो न उतरो, मी नेमकी तिथंच थांबणार! पाटलाच्या नाकासमोर. आणि पाटील काही सलाम करणार नाही, म्हणजे मी काही हलणार नाही.

"सोडून देऊ काय हे काम?" त्यानं मालनबाईला विचारलं.

"सोडा," ती म्हणाली. "मंग उद्यापासून दोघंबी ओट्यावर बसा पुन्यांदा."

तो उठला आणि मला खरारा करू लागला.

लग्न नवरीच्या गावी लागलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी वरात परत निघाली. नवरी मागं छकड्यात, पुढं माझ्यावर चंपत. वेस आली तशी वाजंत्र्यांनी भीतीनं वाजवणं बंद केलं. सगळे मुकाट चालू लागले. पाटलाला वरात संध्याकाळी येईल अशी खबर होती, म्हणून चावडीवर सगळे जेवून पेंगत होते. त्या शांततेत माझ्या खुरांचा आवाज तेवढा निघत होता.  मी चावडीसमोर आले, थांबले आणि पाय आपटला.

कोपऱ्यात बापूजी नावाचे एक म्हातारे बसले होते. डोळ्यांनी अधू. त्यांना माझ्या कपाळावरचा ठिपका तेवढा दिसला, आणि ते जिवाच्या आकांतानं ओरडले, "उठा रे! गिर्दावर साहेब आले!"

आहाहा! काय ती धांदल! पागोटी पडली, पानाचा डबा सांडला, एकाचा पाय दुसऱ्याच्या धोतरात. यशवंतराव पाटील सगळ्यांत पुढं धावला आणि कमरेत वाकला, नेहमीपेक्षाही जास्त. साहेबाच्या तोंडाकडे पाहायची कुणाची छातीच नसे, त्यामुळे वर कुणी पाहिलंच नाही. अख्खी चावडी वाकली. चंपत माझ्या पाठीवर ताठ बसला होता, त्याच्या मुंडावळ्याही हलत नव्हत्या. सलाम झाला. मी निघाले.

पाटलानं डोकं वर केलं तेव्हा त्याच्यासमोरून नवरीचा छकडा जात होता. तो ओरडला, "सलाम घोडीले होता! चंपत्याले नाई!" पण वाजंत्र्यांना आता कोण आवरतो? त्यांनी असा कडकडाट केला की पाटलाचं बोलणं त्यालाच ऐकू गेलं नसेल. बाबाराव रडत होता आणि हसत होता.

वस्तीवर चंपतची आई सोनाबाई भाकरीचा तुकडा घेऊन दृष्ट काढायला उभी होती. दहा जण एकदम सांगू लागले, पाटील वाकला, पाटील वाकला. तिनं कुणावर विश्वास ठेवला नाही.

"मी नाई पाह्यलं," ती म्हणाली. "मले काऊन खरं वाटन?"

चंपत खाली उतरला. नव्या सुनेसमोर त्यानं आईला दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्यावर बसवलं. ती ओरडली, "अव माय, मी पडीन!" वजन म्हणाल तर एका गाठोड्याएवढं. आम्ही पुन्हा चावडीकडे निघालो.

या वेळी चावडी जागी होती. सगळ्यांना दिसत होतं घोडीवर कोण आहे. मी थांबले. कुणी उठलं नाही. पाटील पानाच्या डब्यात बोटं घालून काहीतरी शोधत होता. उतर म्हणायची त्याला आता सोय नव्हती, कारण गाव त्याच्याकडे पाहून तोंड लपवून हसत होतं. सोनाबाईचे पाय माझ्या बरगड्यांना चिकटले होते. या चावडीसमोर तिनं आयुष्यभर 'जोहार मायबाप' म्हणायचं आणि त्यांनी नुसती मान हलवायची, एवढंच तिला ठाऊक.

तेवढ्यात बापूजी उठले. काठी टेकत पायरी उतरून अगदी माझ्या तोंडाजवळ आले. पाटील खेकसला, "बापूजी, बसा खाली! साहेब नाई तो, सोनी हाय!"

"या बारीस मले बराबर दिसून राह्यलं," बापूजी म्हणाले. त्यांनी काठी काखेत धरली आणि हात जोडले. "सोनाबाई, रामराम."

 सोनाबाईनं पदर सारखा केला, पाठ सरळ केली आणि म्हणाली, "रामराम, बापूजी."

त्या लगनसराईत बाबारावाला जेवायला फुरसत मिळाली नाही. वस्त्यावस्त्यांतून बोलावणी आली, मग गावातलीही आली. आज माझे दात झिजलेत, पण झूल अंगावर पडली की मी अजून शिंगरासारखी नाचते. कचेरीनं मला काढलं याचं दुःख कुठं गेलं ते मी शोधलंही नाही.

एवढंच सांगते. सोनाबाई पाठीवर होती त्या दुसऱ्या खेपेला चावडीवर कुणीच सलाम केला नव्हता. रामरामावर चालायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तरी मी निघाले. तुम्हीही कधी वाटेत भेटलात तर सलाम नको, नुसतं रामराम म्हणा. मी पुढं होईन.