पिंकीची साखर

सुंदराच्या घरात मधुमेहाचे पेशंट दोन. नवरा सदू, वय त्रेसष्ट, आणि मांजर पिंकी, वय चौदा. नवऱ्याचा आजार बारा वर्षांचा, मांजरीचा अठरा दिवसांचा. पथ्याच्या बाबतीत दोघांची अक्कल मात्र सारखीच होती.

पिंकी हे नाव मुलीनं, ऋतिकानं, शाळेत असताना ठेवलेलं. ऋतिका लग्न करून पुण्याला गेली, नाव आणि मांजर लोधिवलीत राहिली. महिन्यापूर्वी पिंकी बादलीत तोंड घालून पाणी प्यायला लागली, खाऊन खाऊन हडकली, आणि जाईल तिथं ओलं करायला लागली. हे सगळं सुंदरानं बारा वर्षांपूर्वी एकदा पाहिलं होतं. त्या वेळचा पेशंट निदान संडासात जात होता.

कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, "मावशी, हिला डायबेटीस आहे."

सुंदराला धक्का वगैरे बसला नाही. ती बाकावर टेकली आणि म्हणाली, "अजून एक."

सकाळी सात आणि संध्याकाळी सात, एकेक युनिट इन्शुलिन. भात-दूध बंद, अंडं, चिकन, मासळी चालेल. डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट तीनदा बजावली: आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर सुई द्यायची नाही, फोन करायचा. साखर बघायला कानाच्या कडेला टोचायचं, त्याला यंत्र लागेल.

"यंत्र हाय घरात," सुंदरा म्हणाली. "एवढं एकच सुख."

शेजारच्या भागूबाईला बातमी लागायला अर्धा दिवस पुरला. "मांजराला सुई? आता उंदरांचं बीपी पण बघ गं, सुंदरा. त्यांनी कोणाकडं जायचं?"

सुंदरा हसली नाही. हसायला बसावं लागतं, आणि तिला बसायला वेळ नव्हता. सकाळी सहाला अंडं उकडायचं, नवऱ्याची नाचणीची भाकरी थापायची, एकाला पोटात टोचायचं, एकीला मानेच्या कातडीत. सदू रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त झाला होता. तिथं त्यानं पस्तीस वर्षं व्हॉल्व फिरवले, पण स्वतःची सुई स्वतः टोचायची म्हटली की त्याच्या हाताला कापरं भरायचं.

त्या शनिवारी नळाला पाणी उशिरा आलं. सुंदरा मोरीत हंडे भरत होती. तिथूनच तिनं विचारलं, "अहो, खाल्लं का तिनं?"

"हो," बाहेरून आवाज आला.

हा 'हो' बारा वर्षं त्याच आवाजात येत होता. गोळी घेतली? हो. चालून आलात? हो. वहिनींकडं गोड खाल्लं नाय ना? हो, म्हणजे नाय. सुंदरानं हात पुसले, पिंकीची कातडी चिमटीत धरली आणि सुई दिली.

अकराच्या सुमाराला पिंकी पिठाच्या डब्यामागून बाहेर आली ती झोकांड्या खात. मागचे पाय तिचे राहिलेच नव्हते. दोन पावलं टाकून ती आडवी झाली, डोळे उघडे, पण बघत कुठंच नव्हती. सुंदराची नजर कोपऱ्यातल्या ताटलीवर गेली. अंडं जसंच्या तसं. त्याला मुंग्या लागल्या होत्या.

तिनं कान टोचला. यंत्रावर चौतीस.

फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मध किंवा साखरेचा घट्ट पाक हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका, फक्त चोळा. आत्ता. मग इकडं घेऊन या."

घरात साखर नव्हती. बारा वर्षं नव्हती. गूळ नव्हता, देवापुढं सुकं खोबरं असायचं. पाहुण्यांना बिनसाखरेचा चहा मिळायचा, त्यामुळं पाहुणेही बेतानंच यायचे. भागूबाई कुलूप लावून खालापूरला गेलेली. नाक्यावरचा दुकानदार पोशा लग्नाला.

"गाडी काढा," सुंदरा म्हणाली. "चौक गावातनं साखर आणा. पळा."

सदूनं खुंटीवरची चावी घेतली. पिंकीकडं पाहिलं. तिचा जबडा थरथरत होता. चौकला जाऊन यायला वीस मिनिटं सहज जाणार होती. त्यानं चावी परत खुंटीला लावली.

"अहो, उभे काय राहताय?"

सदू मागच्या पडवीत गेला आणि कारखान्यातला जुना गमबूट घेऊन आला. उलटा करून आपटला. आतून फडक्यात गुंडाळलेली दारूची चपटी बाटली निघाली.

क्षणभर सुंदराला बरंच वाटलं. दारू तिला समजली असती. गावात अर्ध्या घरांत होती. मग त्यानं झाकण उघडलं आणि वास आला.

मध. निम्मा संपलेला.

"कोंडाण्याहून ठमी येते ना भाजी घेऊन," तो बाटलीकडं बघत म्हणाला. "ती देते. रानातला हाय. रानातला त्रास देत नाय म्हणतात."

"कवापासून?"

"ही तिसरी."

"या वर्षातली?"

सदू फडक्याची घडी घालायला लागला.

"आधी हिला लावा," सुंदरा म्हणाली.

तिनं डोकं धरलं, सदूनं बोटानं मध चोळला. सुईला कापणारं बोट आता स्थिर होतं. पाच मिनिटं काही झालं नाही. दहाव्या मिनिटाला पिंकीची जीभ हलली. मग तिनं सदूचं बोट चाटलं, आणि लगेच चावली.

"आली शुद्धीवर," सदू म्हणाला आणि भिंतीला टेकून खालीच बसला.

कर्जतला पोचेपर्यंत यंत्रावर एकशे दहा आलं. डॉक्टरीणबाईंनी संध्याकाळची सुई रद्द केली, उद्यापासून मात्रा अर्धी केली. "आज वाचली," त्या म्हणाल्या. "तासाभरानं आला असतात तर मी काही करू शकले नसते. मध घरात कायम ठेवा. हाताशी."

सदूनं मान डोलावली, जरा जास्तच जोरात. सुंदरानं डॉक्टरीणबाईंचं पेन मागून घेतलं आणि सोबत आणलेल्या मधाच्या बाटलीवरच्या कागदी पट्टीवर लिहिलं: पिंकी.

परतताना पिंकी टोपलीत, टोपली दोघांच्या मध्ये. लोधिवलीचा फाटा आला तेव्हा सदू मान न वळवता म्हणाला, "मी ताटलीकडं बघितलंच नव्हतं गं. तू इचारतेस तवा मी ऐकतच नाय. नुसता हो म्हणतो."

"गाडी बघून चालवा," सुंदरा म्हणाली.

घरी आल्यावर तिनं त्याचं बोट टोचलं. दोनशे शहाण्णव. ती काही बोलली नाही, त्यामुळं सदू अधिकच घाबरला. तिनं अंडं उकडलं, ताटलीत कुस्करलं, ताटली त्याच्या हातात दिली आणि दिवसाउजेडी बाजेवर जाऊन आडवी झाली, भिंतीकडं तोंड करून.

मागं ताटली फरशीवर सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ सदूचा आवाज, हळू, आर्जवी: "घे गं. एवढं घे. मी इथंच बसलोय, कुठं नाय जात." काय चाललंय ते उठून बघावं असं सुंदराला दोनदा वाटलं. ती उठली नाही. विचारलंही नाही.

अर्ध्या तासानं तो बाजेपाशी येऊन उभा राहिला.

"अर्धं खाल्लान," तो म्हणाला. "पिवळं सगळं टाकलंय. पाणी प्यायली. आता माझ्या चपलेवर बसलीय."

"बरं," सुंदरा म्हणाली आणि डोळे मिटले.