गप्प बसवलेलं इंजिन

लहानपणी बाबांनी तिचं नाव ठेवलं ठिणगी, आणि मोठी झाल्यावर तिने दुकान काढलं ते नेमकं इंजिन ऑइलचं. यावर गल्लीतल्या प्रत्येकाने एकदा तरी विनोद मारला होता आणि प्रत्येकाला तिने एकदा तरी सोलून काढलं होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, मागे भिंतभर डबे, आणि बाजूला छपराखाली एक खड्डा. गाडी खड्ड्यावर उभी करायची आणि तेल बदलायला खाली उतरायचं. उतरायची ती स्वतः. नखांच्या कडा कायम काळ्या, आणि त्या लपवायची तिला काडीची गरज वाटत नसे.

भावोजी, म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा, जुन्या गाड्या विकायचे. कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं गुळगुळीत, आणि ठिणगीच्या मते आत सगळा गंज. ते तिच्या दुकानाची पायरी सहसा चढत नसत. म्हणून त्या सकाळी ते काउंटरवर कोपर टेकून उभे राहिले तेव्हाच तिच्या कपाळाला आठी पडली.

"ताई, ट्वेंटी-फिफ्टी द्या. जाडात जाड जे असेल ते."

"गाडी कोणती?"

"गाडीशी काय करायचंय? सोयरीक जुळवायचीय का?"

"गाडी कळल्याशिवाय मी डब्याला हात लावत नाही. डॉक्टरकडे जाऊन 'द्या कोणतीही गोळी' म्हणता का तुम्ही?"

"जपानी आहे. छोटी. पांढरी. झालं समाधान?"

"मग जाड मिळणार नाही." ठिणगीने हात झटकले. "त्या इंजिनात तेलाच्या वाटा इतक्या बारीक असतात की तिथे पातळच लागतं. झीरो-ट्वेंटी. तेल ओतायच्या झाकणावर छापलेलं असतं, चष्मा लावून वाचा. तुमचं ट्वेंटी-फिफ्टी घालणं म्हणजे चहाच्या गाळणीतून मध ओतणं."

"मला शिकवू नका. मी गाड्या विकतो, तुम्ही डबे विकता."

"म्हणूनच डब्यात काय आहे ते मला माहीत असतं. तुम्हाला गाडीत काय आहे ते माहीत असतं का?"

भावोजी हसले. हसले म्हणजे दात दाखवले. "या जिभेपायीच तुमचं ठरलेलं लग्न मोडलं, ताई."

"मोडलं नाही. मी मोडलं. क्रियापद नीट वापरा."

भावोजी पाय आपटत समोरच्या दुकानात गेले, तिथून जाड तेलाचा डबा घेतला आणि तो मुद्दाम तिच्या काउंटरसमोरून मिरवत नेला. ठिणगीने त्यांच्या पाठीकडे बघून जीभ काढली आणि कामाला लागली. फक्त एक गोष्ट तिच्या डोक्यात कुसळासारखी टोचत राहिली. हा माणूस विकायच्या गाडीचा फुटका दिवासुद्धा बदलत नाही. याला तेलाचा एवढा पुळका कशाला आला?

उत्तर दोन दिवसांनी स्वतःच चालत दुकानात आलं. पांढरी, छोटी, जपानी. चाकामागे बाबा.

बाबांनी आयुष्यभर वजनकाट्यावर नोकरी केली होती. काट्यावर दिसेल ते खरं आणि छापलेलं असेल ते त्याहून खरं, एवढ्या दोन गोष्टींवर त्यांची हयात गेली होती. तिसरी गोष्ट म्हणजे त्यांचे जावई. ठिणगी त्या यादीत नव्हती.

"बघ," बाबा गाडीतून न उतरताच म्हणाले. "जावईबापूंनी घरच्या माणसासाठी बाजूला काढून ठेवली. आज संध्याकाळी व्यवहार. म्हटलं त्याआधी एक चक्कर मारून आणावी. आवाज ऐक. मांजर बसलंय आत, मांजर!"

खरंच, इंजिन गुरगुरत होतं, तेही कुशीत घेतल्यासारखं. एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन असं गुरगुरावं? ठिणगीने बॉनेट उचललं, तेल मोजायची कांडी ओढली, पुसली, परत बुडवून बाहेर काढली आणि टोकाचा थेंब दोन बोटांत चोळला. बोटं लांब केली तरी तेलाचा धागा तुटेना.

तिने कांडी परत खोचली. मग खड्ड्यावर उभ्या गाडीच्या खिडकीशी गेली.

"बाबा, गाडी बंद करा. या इंजिनाचं तोंड दाबलंय."

"काय?"

"आतले बेअरिंग झिजले की लोखंडावर लोखंड आपटतं, खडखडाट होतो. मग विकणारा काय करतो, तर जाडजूड तेल ओततो. ते मध्ये उशीसारखं बसतं. आवाज गायब! थोडे दिवस. मग एखाद्या लांब रस्त्यावर इंजिन तापतं आणि एकदम जाम होतं. तुम्ही आईला घेऊन कोणत्या रस्त्याने जाणार आहात?"

कोणत्या रस्त्याने ते दोघांनाही माहीत होतं. आईची किडनी थकली होती. डायलिसिसचं हॉस्पिटल शेजारच्या गावात होतं आणि मधला रस्ता इतका ओसाड की तिथे पंक्चर झालं तरी माणूस रडकुंडीला येई. गाडी घ्यायची होती ती त्यासाठीच.

बाबांनी गाडी बंद केली. त्यांचा चेहरा क्षणभर हलला. मग काट्यासारखा परत जागेवर आला. "तुला धाकटीचा संसार बघवत नाही. तिच्या नवऱ्याने काही चांगलं केलं की तुझ्या पोटात दुखतं."

"माझ्या पोटात दुखतंय ते आईसाठी!"

"आईचं मी बघतो. तू डबे बघ."

बाहेर उलट्या खोक्यावर बसून एक टॅक्सीवाला आपला नंबर यायची वाट बघत होता. गेली कित्येक वर्षं तो इथेच यायचा आणि स्टँडवरच्या सगळ्यांना इथेच पाठवायचा. त्याने पेपर तोंडापुढे धरला होता, पण पान काही उलटत नव्हतं.

ठिणगीने दात आवळले. भांडून बाबा बधणार नव्हते. म्हणून तिने बाबांच्याच भाषेत बोलायचं ठरवलं. तेलाचं झाकण फिरवून काढलं आणि त्यांच्या नाकासमोर धरलं. "वाचा."

बाबांनी वाचलं. परत वाचलं. "झीरो... ट्वेंटी."

"छापलंय ना? गाडी बनवणाऱ्यांनी छापलंय. आत तेच आहे का? नाही. मग मी ते घालते. मांजर खरं असेल तर पातळ तेलातही मांजरच राहील."

"घाल," बाबा गाडीतून उतरत नाइलाजाने म्हणाले. "पण तोंड बंद ठेवून."

तिने खड्ड्यात उतरून खालचा नट सोडला. तेल पडावं तसं पडेचना. दोरीसारखं लोंबत राहिलं. ते पुरतं निथळेपर्यंत तिने नवा फिल्टर चढवला, नट आवळला, वर येऊन झीरो-ट्वेंटीचा डबा फोडून ओतायला घेतला, आणि एवढ्यात भावोजींची स्कूटर आली. हेल्मेट तिरकं, इस्त्री बोंबलली.

"थांबा! बाबा, गाडी कुठे नेताय ते सांगायचंत तरी! आणि ताई, तुम्हाला कोणी सांगितलं तेल काढायला?"

"गाडीने. झाकणावर लिहून ठेवलंय तिने."

"माझ्या गाडीला हात लावायचा नाही!"

"तुमची? बाबा तर म्हणाले घरच्यांसाठी बाजूला काढलीय. बाबा, ठरवा बुवा, गाडी घरची की यांची?"

"अहो, हिला कोणीतरी आवरा! ही बाई माझा धंदा बसवायला टपलीय."

"तुमचा धंदा बसवायला मी कशाला? तुमच्या गाड्या आहेत की. जिथे जातील तिथे बसतात."

टॅक्सीवाल्याच्या पेपरमागून खुसकन आवाज आला. बाबा गरजले, "पुरे दोघांचं! घातलंस ना तेल? चालू कर."

ठिणगीने आत बसून किल्ली फिरवली.

आधी काहीच झालं नाही. गुरगुर तीच. भावोजींच्या चेहऱ्यावर रंग परतायला लागला. मग आतून कुणीतरी बोटाने दार वाजवावं तसं झालं. टक. मग टक-टक. मग इंजिन जसजसं तापलं तसं टकटकटकटक, जणू डब्यात खिळे भरून कुणी धावत सुटलंय. समोर तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागला.

"ऐकलंत?" ठिणगी ओरडली. आनंदाने तिचा आवाज फाटला होता. "ऐकलंत, बाबा? हेच ते!"

पण बाबा तिच्याकडे असे बघत होते, जणू तिने मांजराच्या अंगावर पाय दिलाय.

"काय केलंस हे?"

"मी काही नाही केलं, हे आधीपासूनच—"

"आधी आवाज नव्हता. मी स्वतः चालवत आणली. तू तेल घातलंस आणि आवाज आला. मला एवढं कळत नाही?"

भावोजींना परमेश्वर भेटल्यासारखं झालं. "तेच म्हणतो मी, बाबा! चांगलीचुंगली गाडी. पातळ पाणी ओतून नास केला. पण काळजी करू नका. आपण घरी जाऊ, हे काढून माझं तेल परत घालू, लगेच मांजर हजर."

"होईल परत नीट?"

"शब्द देतो."

बाबांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. "मग घाला. आणि आजचा व्यवहार आत्ताच उरकून टाकू. हिचं तोंडसुद्धा बघायला नको."

ठिणगीने तोंड उघडलं. बेअरिंग, झीज, तेलाचा दाब, सगळं जिभेच्या टोकावर होतं. ती बोलली असती तर बरोबर बोलली असती, शंभर टक्के बरोबर, आणि तिच्यावरच्या रागाने बाबांनी संध्याकाळचीही वाट न बघता गाडी घेतली असती. ती जितकी बरोबर बोलेल तितकी गाडी पक्की. तिची नजर मागच्या सीटवर गेली. तिथे बाबांनी आधीच आईची उशी आणून ठेवली होती, पाठीला लागते ती, कडेची शिवण उसवलेली.

आजवर तिने एका गिऱ्हाइकाला चुकीचं तेल दिलं नव्हतं. या गल्लीत तिच्याकडे दुसरं होतं काय? रूप नाही, नवरा नाही, गोड जीभ तर नाहीच नाही. 'ठिणगीने दिलं म्हणजे बरोबर,' एवढं एकच वाक्य होतं. आणि टॅक्सीवाल्याने आता पेपर सरळ मांडीवर ठेवला होता.

"परत घालून उपयोग नाही," ती म्हणाली.

"का नाही?" भावोजी.

"कारण मीच बिघडवलंय." तिने आवाज चढवला, समोरच्या दुकानातही ऐकू जाईल इतका. "चुकलं माझं. या इंजिनाला पातळ तेल चालत नव्हतं, मी घमेंडीत घातलं. बेअरिंग गेले. आता जाड घाला, पातळ घाला, नाहीतर सोनं वितळवून घाला. इंजिन मेलं. मी मारलं."

भावोजींचा जबडा खाली आला. "छे! काहीतरीच! दोन मिनिटांत तेलाने बेअरिंग जातात होय? बाबा, ऐकू नका, असं कधी होतच नाही!"

"नाही होत?" ठिणगी त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही जाणकार आहात. तेलाने गेले नसतील तर कशाने गेले? कधी गेले? सांगा की, भावोजी. बाबा ऐकतायत."

भावोजींनी आधी बाबांकडे बघितलं, मग टकटकणाऱ्या इंजिनाकडे.

"तेल... तेलानेच," शेवटी ते पुटपुटले.

"ऐकलंत, बाबा. तेलानेच."

बाबांनी मागचं दार उघडलं, उशी काढून काखेत मारली. "जावईबापू, माफ करा. तुमच्या चांगल्या गाडीचं हिने वाटोळं केलं. पण मेलेल्या इंजिनाच्या गाडीत मी हिच्या आईला बसवणार नाही." मग ते ठिणगीकडे वळले. "आणि तू. उद्यापासून कुणी विचारलं तर मी सांगणार, माझ्या लेकीकडून तेल घेऊ नका म्हणून. छापलेलंसुद्धा तुझ्या हातात खोटं होतं."

"सांगा," ती म्हणाली. खरं तर तिला 'बाबा' म्हणायचं होतं, पण तेवढं जमलं नाही.

ते चालत निघाले. टॅक्सीवाला उठला, चप्पल सरकवली, घसा खाकरला. "मालकीणबाई, माझं... राहू दे आज. जरा घाई आहे." पुढे जाऊन त्याने बाबांजवळ टॅक्सी थांबवली. बाबा बसले. मागे वळून दोघांपैकी कुणीही बघितलं नाही.

आता छपराखाली दोघंच उरली.

"नुकसान भरून द्यावं लागेल," भावोजी दातओठ खात म्हणाले. "सगळ्यांसमोर कबूल केलंय तुम्ही."

"देते की. आत्ता चला, कोणत्याही मेकॅनिककडे. तुम्ही म्हणाल त्याच्याकडे. इंजिन उघडू दे. माझ्या तेलाने गेलं असं त्याने सांगितलं तर अख्खं नवं इंजिन देते. आणि दुसरं काही सांगितलं तर ते मी बाबांना नाही, धाकटीला सांगते. चला, बसा!"

भावोजी बसले. पण एकटे, आणि दार आपटून.

"तुमचं दुकान संपलं, ताई."

"आणि तुमचं गिऱ्हाईक गेलं. आता गाडी काढा माझ्या खड्ड्यावरून, नाहीतर ढकलून बाहेर काढीन."

स्कूटर तशीच मागे राहिली आणि पांढरी गाडी टकटकत गल्लीतून निघाली. दारादारांतून माणसं डोकावली. आधी गाडीकडे बघत, मग मान वळवून तिच्या दुकानाकडे. समोरच्या दुकानदाराने तर खुशीत हातच चोळले. ठिणगीने कमरेवर हात ठेवून प्रत्येकाच्या डोळ्याला डोळा भिडवला, शेवटची मान आत जाईपर्यंत. डोळे झोंबत होते ते धुराने, असं तिने स्वतःला बजावलं.

मग ती खड्ड्यात उतरली. थाळीत ते जाड तेल पडून होतं, काळं, हटवादी. तिने थाळी उचलून टाकाऊ तेलाच्या पिंपावर तिरपी केली. धार काही केल्या संपेना. पण आज तिला कसलीच घाई नव्हती. तिने थाळी घट्ट धरली आणि भावोजींना एकेक शिवी द्यायला सुरुवात केली, आधी ठेवणीतल्या, मग त्या संपल्यावर नव्या, जागेवर रचलेल्या, मोठ्याने, शेवटचा थेंब पडेपर्यंत.