सासूबाईंचं बीपी वाढलंय

मी मोबाईल बोलतोय. जाडजूड, बटणांचा, एका कोपऱ्यात टवका उडालेला. तसा मला स्वतःचा आवाज कधीच नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांचेच आवाज इकडून तिकडे पोहोचवले. म्हणून तर पुढचं सांगताना मलाच कसंसं होतं.

माझी मालकीण बीपीची पेशंट. दवाखान्याने तिचा नंबर घेतला आणि रोज सकाळी माझ्यातून एक रेकॉर्ड केलेली बाई बोलू लागली. आधी मालकिणीचं नाव घेऊन नमस्कार, मग, "गोळी घेतली असेल तर एक दाबा. आता आजचं बीपी टाका." आकडा सारखा जास्त येऊ लागला, तर दवाखान्यातली सिस्टर स्वतः फोन करी.

"घेतली गं बाई, जीव नको खाऊस," मालकीण रेकॉर्डिंगला म्हणे.

"मशीनशी काय भांडतेस?" मालक हसत.

"तुमच्याशी भांडलं की बीपी चढतं. हिच्याशी भांडलं की उतरतं."

पुढे साध्या तापाचं निमित्त झालं आणि मालकीण गेली. दवाखान्याला कळवायचं कुणाला सुचलं नाही. मी सकाळी वाजत राहिलो, आणि तिच्या नावाने उत्तरं जात राहिली.

वर्षभराने घरात सून आली. बोलायला कमी, पण नजर चहाच्या गाळणीसारखी. सासू तिने फक्त फोटोत पाहिलेली. एका दुपारी मालक झोपले होते, मी वाजलो, तिने उचललं.

"सूनबाई का?" सिस्टर म्हणाली. "अहो, सासूबाईंचं बीपी फार वाढलंय. रोज चढतंच आहे. गोळ्या घेतात ना त्या?"

सून भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिली. 

"राँग नंबर असेल," रात्री नवरा म्हणाला. न पटणाऱ्या सगळ्या गोष्टींवर त्याच्याकडे हे एकच औषध.

दुसऱ्या सकाळी ती दाराआड उभी राहिली. मी वाजलो. नाव आलं, नमस्कार आला. पलंगाच्या रिकाम्या बाजूला बसून मालकांनी बीपीच्या मशीनचा पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला होता. "घेतली गं," म्हणत त्यांनी एक दाबलं. गोळी तर घरातच नव्हती.

"बाबा, हे बीपी कुणाचं?"

ते दचकले. "तिचं."

"आईंना आता कसलं आलंय बीपी? हे तुमचं आहे."

"बंद केलं तर ही बाई तिचं नाव घ्यायची थांबेल, पोरी. या घरात दुसरं कोण घेतं?"

सुनेने त्यांच्या दंडाचा पट्टा सोडवला. मग म्हणाली, "मी घेईन. पण आधी दवाखान्यात चला. एक फोटो पुसायला पुरे आहे मला."

डॉक्टर चांगलेच रागावले. आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं, तर अर्धं अंग गेलं असतं म्हणाले. मालकांच्या गोळ्या सुरू झाल्या. सिस्टरने मालकिणीचं नाव काढून त्यांचं घातलं.

मग ती सकाळ. मालकांनी माझ्यावर एक दाबलं आणि ते अंघोळीला गेले. मी पुन्हा वाजलो. शपथेवर सांगतो, पडद्यावर नंबर नव्हता, आणि मला वाजायचं नव्हतं.

सुनेने उचललं. पलीकडे ती रेकॉर्डिंगवाली बाई नव्हती. हा आवाज मी ओळखत होतो, सून ओळखत नव्हती.

"यांनी घेतली नाही गं. बशीखाली बघ."

सुनेने चहाची बशी उचलली. खाली गोळी होती.

"बाबा!"

"अगं, घेणारच होतो. गोळीने गरगरतं मला." मालक डोकं पुसत आले.

"गरगरतं ते डॉक्टरांना सांगू. आत्ता घ्या. आईंचा फोन होता."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि गोळी गिळली.

सिस्टर म्हणते, आमच्याकडून दुसरा फोन गेलाच नाही. आता माझी बॅटरी दमली आहे. नवरा नवा फोन आणायचं म्हणतो, सून विषय बदलते. मला मोडीत देऊ नका, एवढंच मागणं. वाजायची मला हौस नाही. पण कुणाचं तरी बोलणं अजून संपलेलं नाही.

मालक आता गोळी घेतात, बशी उलटी करून माझ्यापुढे धरतात आणि म्हणतात, "बघ, काही नाही."

माझ्या आत कुणीतरी हुश्श करतं.